वेड्या कुंभाराकडे मातीची फिर्याद

नमस्कार श्रोतेहो.

'विठ्ठला, तू वेडा कुंभार' हे गाणं माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत आणि त्यांचाच आवाज. 1961 साली आलेल्या 'प्रपंच' या चित्रपटातलं हे गाणं पुढे चित्रपटातून बाहेर पडलं आणि भजनी मंडळात, भक्तिगीतांच्या कार्यक्रमात जाऊन बसलं. विठ्ठलाचं नाव आहे, चाल संथ आहे, आवाज आर्त आहे. म्हणून आपण ते हात जोडून ऐकतो. मला आज तुमच्यापुढे एवढंच मांडायचं आहे, की हे गाणं हात जोडून म्हटलेलं नाही. ही फिर्याद आहे, आणि ती थेट देवाच्या तोंडावर केलेली आहे.

'प्रपंच' ही एका कुंभाराच्या घरची कथा. गरिबीत पिचलेला, पोराबाळांचा भार न पेलणारा संसार. म्हणजे चाक, चिखल, मडकी हे सगळं पडद्यावर त्या घरात खरोखरच होतं. माडगूळकरांनी देवाला त्या घराच्या अंगणात आणून चाकावर बसवलं.

कुंभार आणि विठ्ठल म्हटलं की वारकऱ्याला तेरचे गोरोबाकाका आठवतात. नामात इतके दंग, की चिखल तुडवता तुडवता पायाखाली पोटचं पोर आलं तरी त्यांना कळलं नाही. त्या कथेत वेड भक्ताचं आहे. गाण्यात तेच वेड देवाच्या माथी आलं आहे. आता तुडवणारा तो, आणि पायाखाली आपण.

सुरुवात मोठी गोड आहे. माती, पाणी, उजेड, वारा आणि आभाळ. पंचमहाभूतंच ही, पण शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या तोंडच्या साध्या नावांनी आली आहेत. त्यातही आभाळच आकाराला येतं ही कल्पना बघा. मडकं घडतं म्हणजे काय होतं? मातीच्या भिंतीच्या आत थोडी पोकळी अडकते, आणि उपयोग त्या पोकळीचाच. वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त आहे: घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच. तो अख्खा दृष्टान्त माडगूळकरांनी पोथीचा वासही न येऊ देता एका छोट्या ओळीत बसवला. आणि लगेच उतरंड आली. आजच्या घरांत उतरंडी राहिल्या नाहीत, म्हणून सांगतो: थोरल्या मडक्यावर त्याहून धाकटं, त्यावर आणखी धाकटं, अशी एकावर एक रचलेली मडकी. खालच्यानं सगळ्यांचा भार सोसायचा. पोराबाळांनी भरलेल्या गरीब घराच्या कथेत ही उतरंड उगाच आलेली नाही, असं मला फार वाटतं.

पुढच्या अंतऱ्यात सूर बदलतो. एकाच मातीचे घट, पण कुणाच्या तोंडी लोणी पडतं, कुणाच्या तोंडी अंगार. निखारे भरलेलं मडकं आपण कुठे पाहतो? तिरडीच्या पुढे. दह्यालोण्याचं मडकं शिंक्यावर, आणि विस्तवाचं मडकं स्मशानाच्या वाटेवर. त्या मडक्यानं काय पाप केलं होतं? ओळीत हा प्रश्न विचारलेला नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात तो उभा राहतोच.

आणि मग तो अंतरा, जिथे देवच घडवतो, देवच फोडतो, देवच कुरवाळतो आणि देवच मारतो. कुंभाराला काम करताना पाहिलं असेल तर हे डोळ्यांपुढे येईल. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं तो थापट्यानं ठोकतो. बाहेरून फटके चालू असतात, आणि त्याच वेळी त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत टेकलेला असतो. कबीरांनी नेमकं हेच पाहिलं. गुरू कुंभार, शिष्य घडा. आतून हाताचा आधार, बाहेरून चोट. कबीरांच्या दोह्यात त्या माराला अर्थ आहे, कारण त्यातून खोट निघते. माडगूळकर तीच कुरवाळणी आणि तोच मार घेतात आणि विचारतात, यातून तू जोडतोस काय? तुला मिळतं काय? इथे खोट काढण्याचा दिलासा नाही.

देवाला असं विचारायची सोय आपल्याकडे जुनी आहे. जनाबाई 'अरे विठ्या विठ्या' म्हणून त्याला शिव्याशाप देते. तुकोबा तर 'माझे लेखी देव मेला' इथवर जातात. ज्याच्याशी भांडता येतं तोच आपला, ही पंढरपूरची रीत. त्यामुळे फिर्याद म्हटल्यानं हे गाणं भक्तीतून बाद होत नाही. मात्र संतांचं भांडण बहुधा भेटीत मिटतं. या गाण्यातलं मिटत नाही.

रेडिओ ऐकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. कवी हेच, संगीतकार हेच. त्यात राम भरताला समजावतो, 'दोष ना कुणाचा'. माणूस पराधीन आहे, दुःखं दैवानं येतात. त्या गीतानं कितीतरी दुखावलेल्या घरांना धीर दिला आहे. अवघ्या काही वर्षांत त्याच लेखणीनं तेच दैव पुन्हा हाती घेतलं आणि या वेळी नाव घेऊन सांगितलं, दोष तुझा. धीर देणारा राम राजपुत्र होता. इथे बोलतो आहे तो मातीत राबणारा. दुःखाकडे दोघांनी वेगवेगळ्या जागेवरून पाहिलं, आणि कवीनं दोघांनाही खोटं पाडलं नाही. माडगूळकर मला मोठे वाटतात ते यासाठी.

आता शेवटची ओळ. तोवर सगळं मडक्यांविषयी चाललेलं असतं, आणि अचानक डोळे येतात. डोळे दिलेस, आणि त्यांच्यापुढे अंधार केलास. मडक्याला कुठले डोळे? रूपक इथे फुटतं. इतका वेळ घटांबद्दल बोलणारा स्वतःबद्दल बोलू लागतो, आणि देवाकडून उत्तर यायच्या आत गाणं संपतं.

म्हणून गाणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. कार्यक्रमात वेळ कमी पडला, तर दुसरं एखादं गाणं कमी करा, पण या गाण्याचा शेवटचा अंतरा गाळू नका. नमस्कार.