तीन गुणांचा फरक : डीटीएम 2021

(दृश्य : न्युर्नबर्ग. तळ्याकाठचा रस्ता, मागे दगडी सभामंच.)

जर्मनीतल्या न्युर्नबर्ग शहरात डुट्झेंडटाइख नावाचं तळं आहे. तळ्यापासून थोड्या अंतरावर दगडी पायऱ्यांचा अवाढव्य सभामंच उभा आहे. नाझी पक्षाच्या मेळाव्यांसाठी आल्बर्ट श्पेअर या वास्तुरचनाकाराने तो उभारला. 1945 मध्ये अमेरिकन सैन्याने त्याच्या माथ्यावरचं स्वस्तिक सुरुंग लावून उडवलं. त्यानंतर दोनच वर्षांनी इथल्या रस्त्यांवर शर्यतींची इंजिनं गरजू लागली. या ट्रॅकचं नाव नोरिसरिंग. एरवी वाहतुकीचा असलेला हा रस्ता शर्यतीच्या दिवसांत कठड्यांनी बंद करतात. लांबी जेमतेम 2.3 किलोमीटर. प्रेक्षक बसतात त्याच दगडी पायऱ्यांवर.

10 ऑक्टोबर 2021, रविवार. डीटीएम या जर्मन मोटारशर्यतींच्या स्पर्धेच्या हंगामातली सोळावी आणि शेवटची शर्यत. सगळ्यात पुढे, पोल पोझिशनवर, फेरारीत बसलाय न्यूझीलंडचा लियम लॉसन. वय वर्षं 19. गुणतक्त्यातही तोच पहिला. आज त्याला जिंकायचीसुद्धा गरज नाही.

(दृश्य : जुन्या डीटीएम गाड्या, ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या.)

डीटीएम म्हणजे टूरिंग कारची जर्मन अजिंक्यपद स्पर्धा. शोरूममध्ये दिसते तशा आकाराची, पण आतून पूर्णपणे शर्यतीसाठी घडवलेली गाडी म्हणजे टूरिंग कार. 1984 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. कंपन्यांनी तिच्यात पैसा ओतला तेव्हा ती बहरली आणि त्यांनी हात आखडता घेतला तेव्हा कोसळली. 1996 नंतर तर ती बंदच पडली आणि 2000 मध्ये पुन्हा उभी राहिली. 2018 नंतर मर्सिडीजने निरोप घेतला. 2020 च्या एप्रिलमध्ये आउडीने हंगामानंतर थांबण्याचं जाहीर केलं. उरली एकटी बीएमडब्ल्यू, आणि एकट्या कंपनीची स्पर्धा होत नाही.

स्पर्धेचा कारभार तेव्हा गेरहार्ड बर्गर यांच्याकडे होता. ऑस्ट्रियाचे माजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर. त्यांनी कंपन्यांनी खास डीटीएमसाठी बांधलेल्या महागड्या गाड्या बाजूला सारल्या आणि 2021 पासून जीटी3 गाड्या आणल्या. जीटी3 गाडी कोणतीही खासगी टीम विकत घेऊ शकते. गाड्यांची ताकद आणि वजन नियमांनी असं जुळवतात, की फेरारी, मर्सिडीज, आउडी, बीएमडब्ल्यू आणि लॅम्बोर्गिनी एकमेकींच्या बरोबरीने धावाव्यात. कारखान्यांचा हात सुटावा, टीम आणि ड्रायव्हर पुढे यावेत, हा त्यामागचा विचार. जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही. त्यांची तगमग मला कळते, तरी स्पर्धा जगवायला दुसरी वाट होती असं मला वाटत नाही.

(दृश्य : मोंझा, जून 2021.)

हंगाम जूनमध्ये इटलीतल्या मोंझाला सुरू झाला. पहिलीच शर्यत लॉसनने जिंकली. त्याच वर्षी तो फॉर्म्युला टूमध्येही, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरही, धावत होता. दुसऱ्या दिवशी जिंकला दक्षिण आफ्रिकेचा केल्विन फान डर लिंडे, आबट टीमच्या आउडीत. त्याचा धाकटा भाऊ शेल्डन त्याच स्पर्धेत बीएमडब्ल्यू चालवत होता. केल्विनने हंगामात चार शर्यती जिंकल्या. इतक्या दुसऱ्या कुणालाच जमल्या नाहीत. फॉर्म्युला वनमधली जागा गमावून आलेला अॅलेक्स अॅल्बन न्युर्बर्गरिंग या दुसऱ्या जर्मन ट्रॅकवर जिंकला. ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगवर शनिवार-रविवार दोन्ही दिवस लॉसनचे. बंगळुरूचा अर्जुन मैनी याच हंगामात गेटस्पीड टीमच्या मर्सिडीजमधून उतरला. डीटीएममध्ये धावणारा तो पहिला भारतीय.

आता ज्याच्याकडे त्या वर्षी बराच काळ कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, त्याच्याकडे वळू.

(दृश्य : माक्सिमिलियान ग्योट्झ, हेल्मेट हातात.)

माक्सिमिलियान ग्योट्झ. वय 35. न्युर्नबर्गपासून फार लांब नसलेल्या उफेनहाइमचा. म्हणजे नोरिसरिंग त्याच्या घरचं मैदान. 2003 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो जर्मनीतल्या फॉर्म्युला बीएमडब्ल्यू या नवोदितांच्या स्पर्धेचा विजेता झाला. दुसरा आला होता सेबास्टियान फेटल. पुढे फेटल चार वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ग्योट्झची वाट मात्र वेगळीकडे वळली. त्याने जीटी गाड्यांत नाव कमावलं, 2013 मध्ये बेल्जियममधल्या स्पाची 24 तासांची शर्यत जिंकली. 2015 आणि 2016 मध्ये तो मर्सिडीजतर्फे डीटीएममध्ये धावला, पण एकही शर्यत हाती लागली नाही. मग ती जागाही गेली.

2021 मध्ये एचआरटी या नव्या खासगी टीमने त्याला मर्सिडीजमधून परत आणलं. जुलैमध्ये लाउझित्सरिंगला त्याने डीटीएममधला पहिला विजय मिळवला. त्यानंतर तो गुण वेचत राहिला. लॉसन आणि फान डर लिंडे यांच्यावर कॅमेरे होते, आणि हा आपला तक्त्यात त्यांच्या मागोमाग. शेवटच्या आठवड्यात, शनिवारी, घरच्या ट्रॅकवर त्याने शर्यत जिंकली आणि रविवारपर्यंत आपली आशा जिवंत ठेवली.

(दृश्य : दिवे विझतात. सुरुवात.)

नोरिसरिंगचं पहिलं वळण म्हणजे ग्रुंडिग-केरं. हेअरपिन. गाडी जवळपास उलटी फिरवावी लागते. भर वेगातल्या साऱ्या गाड्या एकाच वेळी तिथे ब्रेक दाबतात. लॉसन पुढे आहे. आतल्या बाजूने फान डर लिंडेची आउडी घुसते आणि फेरारीवर आदळते.

हे दृश्य मी अनेकदा मागे-पुढे करून पाहिलंय. मला त्यात मुद्दाम केलेलं काही दिसत नाही. मला दिसते ती घाई, त्या अंतरात न मावणारी. फान डर लिंडेला दंड झाला, पण लॉसनच्या गाडीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका वळणात त्याचा हंगाम संपला.

गणित ऐका. लॉसनचे शेवटी 227 गुण झाले. त्या दिवशी तो नुसता आठवा आला असता, तर आणखी 4 गुण मिळून विजेतेपद त्याचंच होतं.

आता ग्योट्झचं गणित. त्याला शर्यत जिंकणंच भाग होतं, दुसरा क्रमांक पुरला नसता. आणि त्याच्या पुढे दोन मर्सिडीज होत्या, लुकास आउअर आणि फिलिप एलिस यांच्या. दोघं विनवर्ड या वेगळ्या टीमचे. फक्त गाडीवरचा मर्सिडीजचा तारा सारखा.

अशा वेळी एका ड्रायव्हरला दुसऱ्यासाठी वाट सोडायला सांगतात. जर्मन भाषेत याला ‘श्टालऑर्डर’ म्हणतात, शब्दशः तबेल्याचा हुकूम. तो हुकूम रेडिओवरून आला. एलिसने वाट दिली. आउअरनेही दिली. हा आउअर स्पर्धेचे प्रमुख बर्गर यांचा सख्खा भाचा. मामाने कारखान्यांचा हात सोडवण्यासाठी हंगाम नव्याने बांधला, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस भाच्याला कारखान्यासाठी बाजूला व्हावं लागलं.

(दृश्य : अंतिम रेषा. ग्योट्झची मर्सिडीज.)

ग्योट्झ 230, लॉसन 227. तीन गुण. पोल पोझिशनला मिळतात तेवढेच.

ही वाट देणं नियमांत बसणारं होतं. तरीही पाहणाऱ्यांच्या मनात सल राहिला, माझ्याही मनात आहे. पण ‘ग्योट्झला विजेतेपद दान मिळालं’ असं कुणी म्हटलं, की मी थांबवतो. दान शेवटच्या दहा गुणांचं होतं, पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातल्या फरकाचं. त्याआधीचे दोनशेहून अधिक त्याने स्वतः मिळवले होते, तेही डीटीएमने एकदा घरी पाठवल्यानंतर. लॉसनवर अन्याय झाला हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, आणि म्हणूनच हा हंगाम मला सोडवत नाही.

(दृश्य : 2022. पिट लेन.)

लॉसन पुढे 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला जायबंदी डॅनियल रिकार्डोच्या जागी फॉर्म्युला वनमध्ये उतरला. 2022 च्या हंगामात ग्योट्झ विनवर्ड टीममध्ये गेला. तिथे त्याचा सहकारी होता लुकास आउअर, एक वर्षापूर्वी त्याच्यासाठी बाजूला झालेला. त्या वर्षी विजेतेपदासाठी झुंजला तो आउअर. शेवटपर्यंत लढला आणि दुसरा आला.

पहिला आला शेल्डन फान डर लिंडे. केल्विनचा धाकटा भाऊ.