दारावर येणारी माणसे आणि त्यांची जाण

श्रोतेहो,

दारावर येणाऱ्या माणसांचा विषय निघाला, की आपल्याला आधी आरोळ्या आठवतात. ‘कल्हईऽऽवाला’, ‘पाट्या-वरवंट्याला टाकीऽऽ’, ‘भांडीयेऽऽ’ हे सूर ऐकत वाढलेल्या पिढीतली मी आहे आणि ते मलाही प्रिय आहेत. परंतु त्यांच्याविषयी बरेच बोलून झाले आहे. आरोळी थांबल्यावर दारात प्रत्यक्ष जे घडत असे, त्याबद्दल मला आज बोलायचे आहे. माझे म्हणणे असे, की गिरगावातल्या चाळीत किंवा पुण्यातल्या वाड्यात त्या काळी दिवसभरात जी माणसे येत, त्यांतली बरीचशी माणसे नवी वस्तू घेऊन येतच नसत. ती एखाद्या गोष्टीची जाण घेऊन येत. कोणाला धातूची जाण, कोणाला दगडाची, कोणाला कापडाची, तर कोणाला माणसांची.

रोजचा माल येत होता, हे खरेच आहे. दुधाचा रतीब होता, पेपर होता, सकाळी भाजीची पाटी आणि शुक्रवार-रविवारी कोळणीची टोपली होती. वाण्याकडे यादी दिली की संध्याकाळपर्यंत त्याचा मुलगा सामान आणून देई. १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू झाले, तेव्हापासून दुधाचा खाडा त्याच्या चौकोनांत लिहायची सोयही झाली. या सगळ्याची आजची रूपे आपल्यासमोर आहेतच, त्यामुळे त्यांवर मी थांबत नाही. जे पुरते गेले, त्याकडे वळते.

कल्हईवाला वर्षातून दोन-तीनदा येई. चाळीच्या मागच्या चौकात तो लहानसा खड्डा खणी, भात्याची नळी मातीत पुरी आणि वर कोळसा रचून भट्टी पेटवी. त्याच्याबरोबरचा पोऱ्या मोठ्या पातेल्यात वाळू आणि फडके टाकून त्यात उभा राही आणि भिंतीचा आधार घेऊन पायांनीच गरगर फिरत भांडे आतून घासून काढी. मग भांडे भट्टीवर चढे. ते पुरेसे तापले, की कल्हईवाला त्यात नवसागराची पूड टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि त्याचा तिखट वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. हा धूर केवळ देखावा नव्हता. तापलेल्या पितळेवर चढणारा काळपट थर नवसागरामुळे निघून जातो आणि धातू उघडा पडतो, म्हणूनच कथील त्याला धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे त्याहून कमी तापले तर ते पसरत नाही आणि फार तापले तर डागळते. त्या माणसाजवळ तापमापक नव्हता. भांड्याचा रंग आणि धुराचा जोर पाहून तो कथलाची कांडी टेकवी, कापसाचा बोळा हातात घेऊन दोन-चार वळणांत ते चांदीसारखे पांढरे पाणी बुडापासून काठापर्यंत फिरवी आणि लगेच भांडे पाण्यात बुडवी.

माझी आजी त्या वेळी शेजारी पाट टाकून बसलेली असे. प्रत्येक भांडे ती उजेडाकडे धरून आतून पाही आणि बूड जिथे उभ्या भिंतीला मिळते, त्या कडेवरून अंगठा फिरवी, कारण बोळा नेमका तिथेच नीट पोहोचत नाही. तिथे काळा ठिपका दिसला की ती काही न बोलता भांडे त्याच्यासमोर ठेवी आणि तोही काही न बोलता ते पुन्हा भट्टीवर चढवी. काम सुरू होण्याआधी कथलाची कांडी ती स्वतः हातात घेऊन कानाजवळ वाकवून पाही. शुद्ध कथील वाकवले की आतून करकर असा बारीक आवाज येतो. त्यात शिसे मिसळलेले असेल तर तो आवाज मंदावतो किंवा येतच नाही. चौथी शिकलेल्या बाईला हे ज्ञान कुठून आले, असा प्रश्न मला पुढे रसायनशास्त्र शिकताना पडला. ते कल्हईवाल्यांकडूनच आले होते. चिंचेची आमटी किंवा ताक कल्हई गेलेल्या भांड्यात ठेवले की कळकते आणि ते पोटात गेले की बाधते, हे तिला ठाऊक होते. ते होऊ नये म्हणून काय पाहायचे, हे तिला अनेक वर्षांच्या कल्हईवाल्यांनी शिकवले होते. तिच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळे कल्हईवाल्यांनाही हात राखून काम करता येत नसे.

टाकी लावणाऱ्या बाईचेही तेच. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा ती छन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करी. टाचे किती खोल आणि किती दाट हवेत, हे ती आधी विचारून घेई, कारण मसाला वाटायचा की पुरणाची डाळ, यावर ते अवलंबून असे. टाकी लावून झाली की मूठभर तांदूळ वाटून ते टाकून द्यायचे, कारण त्यात दगडाची कच उतरते, हेही तीच बजावून जाई. पिंजारी गादीतला कापूस नुसता हातात धरून सांगे, की यातला निम्मा अजून चालेल आणि निम्म्याची धूळ झाली आहे. ही सारी माणसे नाहीशी झाली ती आपण त्यांना विसरलो म्हणून नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. स्टेनलेस स्टील आले आणि कल्हई लागणारे भांडेच माळ्यावर गेले. मिक्सर आला आणि पाटा मोरीतल्या कोपऱ्यात उभा राहिला. फोमच्या गाद्यांत पिंजण्यासारखे काही उरलेच नाही. बायकांचे कष्ट त्यामुळे पुष्कळ कमी झाले. रोज पाट्यावर वाटणाऱ्या माझ्या आईचे खांदे मी पाहिले आहेत, म्हणून तो बदल चुकीचा होता असे मी कधीही म्हणणार नाही.

जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणीचा व्यवहार मात्र वेगळा होता आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुपारी पुरुष कामावर गेलेले असताना ती येई, उंबऱ्याबाहेर टोपली उतरवून बसे आणि शेजारपाजारच्या चार बायका आपोआप जमत. जुनी पॅंट ती उजेडात धरून गुडघ्यापाशी ताणून पाही, शर्टाची कॉलर उलटून पाही. साडी असली तर आधी काठ चाचपी, कारण जुन्या जरीत चांदी असे आणि त्याची किंमत कापडाहून जास्त असे. दोन पॅंटी आणि एक साडी यांच्यावर झाकणासह पातेले द्यायचे की नुसते पातेले, यावर अर्धा तास घासाघीस चाले. ज्या घरांत बाईच्या हाती चार आणेही हिशेबाशिवाय नसत, तिथे हा एकच बाजार असा होता की जिथे विकणारीही तीच आणि निवडणारीही तीच. आईच्या फडताळातली निम्मी स्टीलची भांडी अशी आली होती आणि कोणते पातेले कशावर घेतले, हे ती अचूक सांगू शके. ते कपडे पुढे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जात. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी कित्येक कुटुंबांचे अंग झाकण्याइतके कापड अशा फेऱ्यांतूनच येत असे.

आता एक गोष्ट सांगितली नाही, तर हे सारे बोलणे अपुरे राहील. या माणसांना आमच्या घराची इतकी माहिती होती: भांडी किती, कपडे कोणाचे, सून नवी आली की माहेरी गेली. आम्हाला मात्र त्यांच्या घराची काहीच माहिती नव्हती. टाकी लावणाऱ्या बहुतेक बाया वडार समाजाच्या आणि मुंबईतल्या पुष्कळशा बोहारणी वाघरी समाजाच्या असत. हे दोन्ही समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढवली आणि अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्यातून सुटलेल्या समाजांना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. म्हणजे ज्या बाईच्या हाती आमच्या घरातल्या बायका निर्धास्तपणे जरीच्या साड्या सोपवत, तिचा समाज काही वर्षांपूर्वीपर्यंत सरकारदफ्तरी गुन्हेगार होता. एवढा विश्वास टाकूनही तिला प्यायला पाणी मिळे ते वरून, ओंजळीत. आणि चहा दिला तर त्यासाठी कान तुटलेला वेगळा कप जिन्याखालच्या कोनाड्यात असे. गावाकडे बलुत्याच्या पद्धतीत तर येणाऱ्याने कोणत्या दाराशी कुठवर यायचे, हे जातच ठरवी. ‘माणुसकीचे दिवस होते’ असे कोणी सहज म्हणून गेले, की मला तो कप आठवतो आणि फार वाईट वाटते. त्या बायकांच्या मुली आज कुठे आहेत, त्यांच्या आठवणींत आमची चाळ कशी आहे, हे ऐकण्याची मला मनापासून इच्छा आहे.

माणसांची जाण असलेला एक जण राहिला, तो म्हणजे पोस्टमन. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. त्या गावांत जवळपास प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत असे आणि घर चाले ते मनिऑर्डरीवर. भारतीय टपाल खात्याने ही सेवा १८८० साली सुरू केली आणि कागदी फॉर्मची ती जुनी मनिऑर्डर २०१५ साली थांबली. पोस्टमन पडवीत बसे, पिशवीतून नोटा काढून मामीच्या हातावर मोजून ठेवी, तिचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून फॉर्मवर उठवी. तो कागद पोच म्हणून मुंबईला परत जाई. फॉर्मच्या खालच्या भागात निरोपापुरती थोडी जागा असे. ‘पेरणीआधी कौले परतून घ्या, गणपतीला येतो’ एवढे त्यात मावे. ते पोस्टमनच वाचून दाखवी. निरोपात काही बरे नसले, तर तो आधी पाणी मागून घेई, घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेर बोलावी आणि मगच वाची. हे त्याला कोणत्याही नियमपुस्तकाने सांगितलेले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि कोकणातल्या पडव्यांमध्ये येणाऱ्या नोटाही थांबल्या. पोस्टमन त्या महिन्यांतही वाटेने जाई, आणि ‘आज काही नाही’ हे घराघरांत सांगणे त्याच्याच वाट्याला येई.

यातले काही आज शिल्लक आहे का, असे मला विचारले जाते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचे काम करणारे हात अजून आहेत आणि तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घ्यावीशी वाटणाऱ्यांची संख्या वाढत असल्याने कल्हईलाही थोडी मागणी आली आहे. परंतु दाराशी येण्याची चाल खऱ्या अर्थाने टिकली आहे ती गोव्यात. तिथे पोदेर, म्हणजे पाववाला, अजूनही सकाळ-संध्याकाळ सायकलवर पाटी बांधून, पोंऽ पोंऽ असा भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. पोळी (हाही एक पावच), उंडो, कातरे पाव आणि कडक काकणे ही सारी लाकडाच्या भट्टीतली असतात आणि पोळीवर तर कोंडाही चिकटलेला असतो. हा पाव ताजाच खायचा असल्यामुळे त्याचा माणूस टिकला, असे मला वाटते. दुसऱ्या दिवशीचा उंडो कोणी हौसेने खात नाही. आता जुन्या पोदेर घराण्यांतली मुले या धंद्यात फारशी येत नाहीत आणि अनेक भट्ट्या बाहेरून आलेले कारागीर चालवतात. भट्टीचे लाकूड महागले आहे, रात्रीचे जागरण कोणाला नको आहे. म्हणून या सभागृहातल्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे, की गोव्याला गेलात तर पाव घेऊन तसेच आत वळू नका. भट्टी कोणाची, पीठ किती वाजता मळता, गाव कोणते, मुले काय शिकतात, हे त्याला विचारा आणि तो सांगेल ते त्याच्या शब्दांत उतरवून घ्या. कल्हईवाल्याला आणि बोहारणीला हे आम्ही कधी विचारले नाही. पोदेराला ते अजून विचारता येईल.