नाशिकच्या थंडीसाठी फ्लीसची हुडी निवडताना

नमस्कार. माझ्या मागे गच्चीतल्या दोरीवर दोन हुड्या वाळत घातलेल्या आपल्याला दिसत असतील. आज सकाळी साडेसात वाजता मी त्या एकाच बादलीत बुडवल्या, जमेल तितक्या सारख्या जोराने पिळल्या आणि शेजारीशेजारी टाकल्या. करडी हुडी मी शहरातल्याच एका दुकानातून घेतली होती, तर निळी गिर्यारोहणाच्या साहित्याबरोबर मागवली होती. दोन्हींच्या किमतीच्या चिठ्ठीवर मात्र ‘फ्लीस’ हा एकच शब्द छापलेला होता. त्या वाळेपर्यंत आपण हुडीच्या निवडीविषयी बोलू.

तयार कपड्यांच्या बाजारात ‘फ्लीस’ हा शब्द दोन निराळ्या कापडांसाठी वापरला जातो. पहिले कापड सुती किंवा सूत आणि पॉलिस्टर यांच्या मिश्र धाग्याचे असते आणि त्याची आतली बाजू ब्रशने खरवडून मऊ केलेली असते. कॉलेज रोडवर संध्याकाळी दिसणाऱ्या बहुतेक हुड्या या जातीच्या. दुसरे कापड जवळजवळ पूर्ण पॉलिस्टरचे असते. १९८०च्या आसपास अमेरिकेतील लॉरेन्स या गिरण्यांच्या गावी मॉल्डन मिल्सने ते विकसित केले आणि १९८५ मध्ये पॅटागोनिया कंपनीने त्याची सुधारित जात ‘सिंचिला’ या नावाने बाजारात आणली. गिरणीचे मालक आरन फॉयरस्टीन यांनी मूळ कापडाचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे ते कोणीही विणू लागला आणि स्वस्त झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, पण नावाला कोणी धनी उरला नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे, की दुकानात चिठ्ठीवरचे नाव न वाचता आतल्या शिवणीत अडकवलेली पांढरी पट्टी वाचावी. तिच्यावर साठ-सत्तर टक्के कॉटन लिहिलेले असेल, तर ती हुडी घरात, कार्यालयात किंवा कट्ट्यावर बसून चहा पिताना उत्तम आहे. चढावर मात्र ती नेऊ नये.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघे कळसूबाईवरून सूर्योदय पाहायचा म्हणून पहाटे तीन वाजता बारी गावातून निघालो, आणि थंडी फार आहे या समजुतीने मी हीच करडी हुडी गळ्यापर्यंत चेन लावून घातली. लोखंडी शिड्यांपर्यंत पोहोचेतो अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. तरीही अंगात ऊब आहे, मग काढायची कशाला, असे म्हणत मी तशीच चढत राहिलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा उजाडायला तासभर होता. पाठीवरची सॅक खाली ठेवली आणि जिथे ती टेकलेली होती तेवढ्या भागात कोणीतरी ओले फडके गुंडाळावे तसा गारठा शिरला. पुढचा तासभर देवळाच्या भिंतीला खेटून मी दात वाजवत काढला. वाईट एवढेच वाटले, की सोबतच्या मित्राने अंगात माझ्या हुडीपेक्षा निम्म्या जाडीचे काहीतरी घातले होते आणि तो निवांतपणे डब्यातले थालीपीठ खात होता.

त्या निम्म्या जाडीत तो का गारठला नाही, याचे कारण सोपे आहे. उबदार कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तो आपल्या तंतूंमध्ये हवा अडकवून ठेवतो आणि ती स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्या हवेची जागा पाण्याने घेतली, की सगळे उलटे होते, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. साध्या दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा पोटात घेतो, तर पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. पॉलिस्टरच्या कापडातही घाम येतो, मात्र तो तंतूच्या आत न शिरता तंतूंच्या मधोमध राहतो आणि शरीराच्या उबेने लवकर उडून जातो.

आता नाशिकचा प्रश्न. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आणि आपले शहर सुमारे सहाशे मीटरवर. हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून डोंगरावर जाड कपडा न्यावा असा साधा हिशेब आपण करतो. हिवाळ्यातल्या निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री हा हिशेब फसतो, कारण थंड हवा जड असते आणि ती उतरून सखल भागात साचते. दर हिवाळ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी येते आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडते, ते याच कारणाने. त्याच दिवशी दुपारी शहरात अठ्ठावीस-तीस अंश असतात आणि सकाळचे स्वेटर कमरेला बांधलेली मंडळी शालिमारला दिसतात. म्हणजे आपल्याला झुंज द्यायची आहे ती थंडीशी कमी आणि एका दिवसातल्या वीसहून अधिक अंशांच्या फरकाशी जास्त. इथे जाड हुडी घेणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लीसची जाडी ढोबळमानाने १००, २०० आणि ३०० अशा आकड्यांत मोजली जाते आणि हे आकडे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन दाखवतात. तीनशेची फ्लीस हिमालयात तंबूबाहेर बसायला चांगली, पण अंजनेरी चढताना ती पहिल्या वीस मिनिटांत सॅकमध्ये जाईल आणि सॅक भरून टाकेल. आपल्याकडे शंभर ते दोनशेच्या मधली जाडी पुरते. एक खबरदारी मात्र घ्यावी: हा आकडा दोन निराळ्या कापडांची तुलना करण्यासाठी वापरू नये. सुती हुडीवर ३२० लिहिलेले असते आणि विक्रेता ते अभिमानाने दाखवतो, पण त्या आकड्याने वजन कळते, ऊब कळत नाही.

ही निळी हुडी ज्या कापडाची आहे त्याला ग्रिड फ्लीस म्हणतात, आणि तिची आतली बाजू मी कॅमेऱ्याजवळ आणतो. तशीच एक नवी हुडी माझ्या हातात आहे, कारण दोरीवरची अजून ओली आहे. शंकरपाळ्याच्या पोळीवर कातणी उभी-आडवी फिरवल्यावर जशा रेषा पडतात, तशा रेषा इथे आहेत आणि त्यांच्या मधोमध फुगीर चौकोन उभे आहेत. त्वचेला किंवा आतल्या टी-शर्टला फक्त चौकोन टेकतात. रेषांच्या चरांतून चढताना घामाची वाफ निघून जाते आणि आपण थांबलो की त्याच चरांत हवा साठून राहते. कापड कमी लागत असल्याने ही हुडी हलकी असते आणि घडी घातल्यावर डब्याच्या पिशवीएवढ्या जागेत मावते.

या कापडाची उणीवही दुकानातच तपासता येते. कापड तोंडाशी धरा, मागे तळहात ठेवा आणि फुंकर मारा. ग्रिड फ्लीसमधून फुंकर जवळजवळ जशीच्या तशी हाताला लागते. याचा अर्थ असा, की गंगापूर रोडवरून पहाटे ताशी चाळीस किलोमीटर वेगाने दुचाकीवर जाताना ही हुडी एकटी काहीही कामाची नाही. म्हणून काही कंपन्या दोन थरांच्या मध्ये वारा अडवणारा पडदा चिकटवून फ्लीस विकतात. रोज फक्त दुचाकीच चालवायची असेल तर ती घ्यायला हरकत नाही. पण जो पडदा वारा आत येऊ देत नाही तो वाफही मोकळेपणाने बाहेर जाऊ देत नाही, आणि चढावर पुन्हा कळसूबाईची पहाट वाट्याला येते. त्यापेक्षा पावसाळ्यात वापरलेले पातळ विंडचीटर, जे प्रत्येक नाशिककराच्या घरी खुंटीवर असतेच, ते फ्लीसवर घालावे. वारा सुटला की अंगात आणि चढ लागला की सॅकमध्ये.

हुड असावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज खरा नाही, कारण डोक्याचे क्षेत्रफळ शरीराच्या सुमारे दहा टक्केच असते. तरीही कान आणि मान उघडी राहिली की सगळे अंग गारठल्यासारखे वाटते आणि कानटोपी हमखास घरी विसरते, म्हणून मी हुडाच्या बाजूने आहे. तो डोक्याला कानटोपीसारखा चिकटून बसणारा असावा, म्हणजे मान वळवली तर तोही वळेल आणि एक डोळा झाकला जाणार नाही. गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणाखाली असा पातळ हुड चालतो, पण दुचाकीच्या हेल्मेटखाली तो घालू नये. ते हेल्मेट डोक्याला घट्ट बसणे हीच त्याची सुरक्षितता असते.

बाकीच्या गोष्टी घालून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. दोन्ही हात डोक्यावर न्या. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर खोबणीत हात घालताना हीच अवस्था होते, आणि अशा वेळी कंबर उघडी पडत असेल तर हुडी आखूड आहे. खिसे सॅकच्या कंबरपट्ट्याच्या वर असावेत. खांद्यावरची शिवण बोटाने चाचपून पाहा, कारण जाड उंचवटा असेल तर पट्ट्याखाली तो दिवसभर टोचतो. चेन पूर्ण उघडणारी असेल तर चालता चालता अंग मोकळे करता येते, आणि हनुवटीशी तिच्या टोकावर कापडाची झडप हवी, नाहीतर थंड धातू ओठाला लागतो. बाहीला अंगठ्यासाठी असलेल्या भोकाला मी पूर्वी हसत असे. आता दुचाकीवर हातमोज्यांच्या वर वारा शिरत नाही तेव्हा हसू येत नाही.

पैशांचे म्हणाल, तर महागड्या नावाची गरज नाही. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्येही पूर्ण पॉलिस्टरची चांगली फ्लीस सापडू शकते. फक्त पांढरी पट्टी वाचा, फुंकर मारा, आणि मनगटाचा पट्टा ताणून सोडल्यावर तो लगेच मूळ मापावर येतो का ते पाहा.

एका बाबतीत सुती हुडी सरस आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हुरड्याच्या वेळी किंवा बागेतल्या शेकोटीजवळ ठिणगी उडाली, तर सुती कापडावर काळा डाग पडतो, पण पॉलिस्टर वितळते. दोरीवरच्या निळ्या हुडीच्या उजव्या बाहीवर हरभऱ्याएवढे भोक आहे आणि त्याची कडा प्लास्टिकसारखी कडक झाली आहे. शेकोटीजवळ बसताना वर जुना सुती शर्ट चढवावा. धुताना थंड पाणी घ्यावे, हुडी उलटी करावी आणि सॉफ्टनर अजिबात घालू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम वाहून नेण्याचा गुण मारतो. धुताना पॉलिस्टरचे सूक्ष्म तंतू पाण्यातून गटारात आणि पुढे गोदावरीत जातात. म्हणून मी ही हुडी चार-पाच वेळा घातल्यावरच धुतो. वास मारू लागली, की घरचे आठवण करून देतातच.

आता अकरा वाजले आहेत, तर दोरीकडे जाऊ या. निळ्या हुडीची पाठ, बाह्या आणि हुड कोरडे आहेत. फक्त चेनीच्या दोन्ही बाजूंच्या दुहेरी शिवणीत आणि हुडाच्या नाडीत थोडी ओल लागते आहे. करडीचा खिसा दाबतो. पाहा, बोटांमधून अजून पाणी येते आहे.