रेवती कोणाच्या घरची?

मंडळी, जळगावात गो. ब. देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाटक उभं करायचं ठरलं की पहिली चर्चा संशयी नवरा फाल्गुनराव कोण करणार याचीच होते. मी म्हणतो, आधी नायिका, म्हणजे रेवती ठरवा.

मोलिएरचं फ्रेंच प्रहसन १६६० चं. त्याच्या आधारानं आर्थर मर्फीनं १७६१ साली इंग्रजी नाटक लिहिलं. देवलांनी त्यावरून १८९३ मध्ये गद्य नाटक केलं आणि पुढे त्यात पदं घातली. गंधर्व नाटक मंडळीनं ते संगीत रूप रंगमंचावर आणलं १९१६ साली, म्हणजे देवल गेले त्याच वर्षी. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. बालगंधर्वांच्या लहानपणाचा काही काळ इथे गेला, त्यामुळे आपल्या गावाला या नाटकाचं जरा जास्तच प्रेम. असो.

घोटाळा सगळा जुनाच आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव सावरायला जातो, ते नेमकं त्याची बायको कृत्तिका बघते. इकडे रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ, त्याची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती फाल्गुनराव बघतो. एवढ्या सामानावर मर्फीचंही नाटक चालतं. पण मर्फीची नायिका खानदानी घरातली. देवलांची नायकिणीच्या घरातली. हा बदल फार मोठा आहे. कुलीन मुलीवर संशय आला तर लोक आधी पुरावा मागतील. रेवतीच्या बाबतीत पुरावा कोण मागतो? ‘तसल्या घरातली’ म्हटलं की खटला निकालात! अश्विनशेठ तिच्यावर जीव टाकतो, तरी एका तसबिरीनं तोही डगमगतो.

म्हणून रेवतीला नखरे देऊ नका. ठुमकत आली की प्रेक्षक कृत्तिकेच्या बाजूला गेलाच समजा. ‘मजवरी तयांचे प्रेम खरे’ हे पद तालमीत नुसतं वाचून घ्या. त्यातल्या ‘खरे’वर तिचा विश्वास दिसला पाहिजे, ताना काय, नंतर येतीलच. आपल्याकडे गाणारी मुलगी मिळाली की दिग्दर्शक हात जोडून बाजूला होतो, तसं करू नका.

तसबिरीऐवजी मोबाइल घ्या, असं एकानं सुचवलं. अहो, मोबाइलला कुलूप असतं! तसबीर रस्त्यात पडली की कोणीही उचलावी आणि हवा तो अर्थ लावावा. ती तळहातापेक्षा मोठी करा, चकचकीत काच मात्र नको. दिव्याचा झोत काचेवर पडला की मागच्या रांगांना पांढरा ठिपका दिसतो.

आता अहिराणीचं, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीचं. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या, त्याला अहिराणी द्या, हशा पिकेल, असं बरेच जण सांगतात. पिकेल की! पण नोकराच्याच तोंडी अहिराणी आणि शेठ मंडळी पुणेरी बोलणार, म्हणजे आपण आपल्याच आजीला हसायचं. मला विचाराल तर अहिराणी फाल्गुनरावाला द्या, तीही एकदाच. एरवी तो तोलूनमापून बोलतो. कृत्तिकेच्या हातात तसबीर दिसली की सगळा आव गळून पडावा: ‘कथा गयथी तू?’ (कुठे गेली होतीस तू?) तिथे नाट्यगृह हसेल, पण ते फाल्गुनरावाला. आणि भादव्या? त्यानं शुद्ध, खणखणीत मराठी बोलावं. मालकापेक्षा जरा चांगलीच.