बंद पडलेला जुना सॅन्सुई थेट प्लगात घालू नका

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न: "दादा, बाबांचा सॅन्सुई एयू-717 अँप्लिफायर (अँप) बंद पडलाय, कंपनीत कुठे द्यायचा?" कुठेच नाही. 1970च्या दशकातलं मॉडेल आहे, आणि जपानची मूळ कंपनीही 2014 मध्ये दिवाळखोरीत निघाली. आपल्याकडे घरोघरी आलेले सॅन्सुई टीव्ही व्हिडिओकॉनचे, नाव तेवढं तेच. त्यांच्या हेल्पलाइनवर 717चे ट्रान्झिस्टर मागू नका. एकाने मागितले म्हणे!

तेव्हा मेकॅनिक शोधायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, विचारत जा. फ्यूज बघणं, मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघणं, जपानहून आणलेला 100 व्होल्टचा सेट असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावणं, हे तुम्हाला माहीत आहेच. जुन्या सॅन्सुईत कॅपॅसिटर चिकटवायचा पिवळा गोंद असतो, तो उष्णतेने तपकिरी पडतो, त्यातून करंट झिरपतो, आजूबाजूच्या पार्टचे पायही खातो. तो खरवडून काढायला सांगा. झालं.

आता मुद्द्याचं. नवे ट्रान्झिस्टर टाकले, की मेकॅनिक म्हणतो, "चालू करून बघू." या तीन शब्दांनी माझं डोकं फिरतं! आधी सिरीज बोर्ड. म्हणजे 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब, अँपच्या सप्लायला सिरीजमध्ये, करंट बल्बमधूनच अँपपर्यंत जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि अँपला जेमतेम 0.4 अँपियर मिळतो. काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर मोठे कॅपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो, मग मंद होतो.

"पण दादा, फ्यूज आहे ना?" नाही हो. फ्यूज वितळेपर्यंत ट्रान्झिस्टर गेलेला असतो. फ्यूज घराला आग लागू नये म्हणून आहे, तुमच्या ट्रान्झिस्टरसाठी नाही.

आणि पैशाच्या बाजूने बघा. स्पीकर चालवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर उडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर (ड्रायव्हर) किंवा त्याच्या पायाला लावलेला एमिटर रेझिस्टरही सोबत नेतो. तो एक मेलेला पार्ट नजरेतून सुटला, की नव्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी पहिल्याच सेकंदाला खलास. अस्सल जोडी मिळणं आधीच कर्मकठीण. बाजारात तोशिबाच्या 2एससी5200 या आउटपुट ट्रान्झिस्टरचे ढीग पडलेत, त्यात नकली भरपूर; छाप हुबेहूब, आत सिलिकॉनचा इवलासा तुकडा. म्हणजे ज्या पार्टसाठी महिनाभर वाट बघितली, तो वाचवायला साधा बल्ब लावायचा कंटाळा?

म्हणून दुकानात शिरताच विचारा: "सिरीज बोर्ड आहे का?" हसला तर अँप उचला आणि बाहेर या.

हो, एलईडी बल्ब चालेल का, हेही रोज विचारतात. नाही! त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, तो करंट असा अडवतच नाही. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स कमी, तापल्यावर दहापट. सगळी जादू त्यातच आहे. असे फिलामेंटचे बल्ब जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात खालच्या खणात अजून मिळतात. मात्र अँप क्लास ए असेल तर तो गाणं न लावताही भरपूर करंट ओढतो, बल्ब पेटलेलाच राहणार, तिथे घाबरू नका.

बल्ब मंद झाला? लगेच स्पीकर जोडू नका. मल्टिमीटर डीसीवर ठेवून आउटपुट मोजा, 50 मिलिव्होल्टच्या आत हवं. पण रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) 'टक्' झाली नसेल तर टर्मिनलवर शून्यच दिसेल, आणि मेकॅनिक खूश होऊन म्हणेल, "बघा, परफेक्ट!" तेव्हा रिलेच्या अलीकडे मोजायला लावा. बायस (गाणं नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) सेट करताना बल्ब काढावा लागतो, ते पुढच्या व्हिडिओत. आणि पहिलं गाणं अडगळीतल्या स्पीकरवर. बाबांचे चांगले स्पीकर नंतर.