बाबांचं काम शून्य?

नमस्कार, श्रोतेहो.

मी कोपरखैरण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा चालू होता. बल लावलं आणि वस्तू त्या बलाच्या दिशेने सरकली तर कार्य झालं. सरकलीच नाही, किंवा बलाला काटकोनात सरकली, तर कार्य शून्य. फळ्यावर मी नेहमीचं उदाहरण काढलं: डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेलं कार्य शून्य, असं लिहिलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, माझे बाबा वाशी मार्केटला माथाडी आहेत. घरी येतात तेव्हा जेवायचंही त्राण नसतं त्यांना. त्यांचं काम शून्य?”

वर्ग एकदम गप्प झाला. त्या दिवशी मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. ते आज नीट सांगते.

सुरुवात घरातल्या लोखंडी कपाटापासून करू. दिवाळीआधी रंग काढायचाय म्हणून भरलेलं कपाट भिंतीपासून सरकवायचं आहे. तुम्ही जोर लावता, कपाट ढिम्म. मग तुमचा जोर गेला कुठे? फरशी आणि कपाटाचे पाय यांच्यातलं घर्षण तुमच्या जोराइतकंच उलट ढकलत असतं. तुम्ही १०० न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक) लावले की तेही १००, तुम्ही ३०० लावले की तेही ३००. पण त्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की कपाट हिसका देऊन हलतं, आणि एकदा हललं की आधीपेक्षा कमी जोर पुरतो, कारण सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूच्या कमाल घर्षणापेक्षा सहसा कमी असतं. “आता थांबू नका, रेटा तसाच!” असं घरातलं कुणीतरी ओरडतं ना, ते अगदी बरोबर ओरडतं.

ही मर्यादा ठरते वजनावर आणि टेकलेल्या पृष्ठभागांवर. किती जागा टेकली आहे, याने फारसा फरक पडत नाही. फ्रान्सच्या आमोंतों यांनी हे १६९९ साली मांडलं. म्हणून आधी साड्यांचे गठ्ठे बाहेर काढा, पायांखाली जुनं पोतं सरकवा. आणि ढकलायचं ते कमरेच्या खालून, जमिनीला समांतर. वरून तिरकं रेटलंत तर तुमचाच जोर कपाटाला फरशीवर दाबतो आणि घर्षण वाढवतो. फार उंचावरून ढकललंत तर कपाट उलटण्याची भीती असते, हे मात्र खरंच सांभाळा.

समजा, कपाट सरकत असताना ३०० न्यूटन लागले आणि ते २ मीटर सरकलं. बल गुणिले अंतर, म्हणजे कार्य झालं ६०० ज्यूल; ज्यूल हे कार्याचं आणि ऊर्जेचं एकक. पण त्याआधी ते हलत नव्हतं, तेव्हा तुमचे दंड थरथरत होते, कपाळावर घाम आला होता, त्याचं काय? कपाटावर झालेलं कार्य शून्यच. पण तुमच्या स्नायूंच्या आत स्वस्थता नव्हती. तिथले बारीक तंतू एकमेकांना धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि प्रत्येक ओढीला शरीराचं रासायनिक इंधन जळतं. त्याची उष्णता होते. टेबल वर्षभर ओझं धरून ठेवतं आणि त्याचं काही खर्च होत नाही. हाताला ते जमत नाही. त्याला नुसतं धरून ठेवायलाही खावं लागतं.

कार्याची ही व्याख्या आली कुठून, तेही सांगते. फ्रेंच गणितज्ञ कोरिओलिस यांनी १८२९ साली यंत्रांवरच्या आपल्या ग्रंथात बल गुणिले अंतर या राशीला हे नाव दिलं. पाणचक्की किंवा वाफेचं इंजिन किती काम देतं, हे मोजायचं होतं. माणसाचे कष्ट मोजायचं ते माप नव्हेच. आपल्या भाषेत ‘काम’ म्हणजे घाम, वेळ, पाठदुखी, सगळं आलं. पुस्तकातलं ‘कार्य’ त्यातला एक छोटा कोपरा मोजतं. मी वर्गात हे आधी सांगायला हवं होतं.

आता त्या मुलीचे बाबा. पाठीवर ५० किलोची गोणी. सपाट जमिनीवरही प्रत्येक पावलाला शरीर गोणीसकट थोडं वर जातं, थोडं खाली येतं. हिशेबात वरचं आणि खालचं कार्य एकमेकांना फिटतं, पण वर जाताना जळलेलं इंधन खाली येताना शरीराला परत मिळत नाही. मान आणि पाठ तर सारा वेळ ताणलेलीच. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे, आणि माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळे १९६९ साली महाराष्ट्रात या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्यामागे असलेले कष्ट माझ्या फळ्यावर शून्य दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. बाबांना विचारून ट्रकच्या हौद्याची उंची लिहून आणली होती: १.२ मीटर. गोणी वर चढवायचं कार्य तिने काढलं होतं: ५० किलोला पृथ्वी ४९० न्यूटनने ओढते, गुणिले १.२ मीटर, ५८८ ज्यूल. मी म्हटलं, “बाबा स्वतःही फळीवरून चढतात ना? त्यांचं वजन धर.” ६० किलो धरल्यावर आकडा १,३०० च्या जवळ गेला. स्नायू इंधनातल्या ऊर्जेचा फार तर पाव भाग कार्यात उतरवतात, म्हणजे एका खेपेला ५,००० ज्यूलहून जास्त ऊर्जा, एक किलोकॅलरीपेक्षा थोडी अधिक. फळी लांब घेतली तर चढताना जोर कमी लागतो, पण अंतर तितकंच वाढतं. एकूण कार्यात सूट नाही.

तिने खाली मान घालून गुणाकार केला, मग विचारलं, “आणि भरलेला ट्रक रिकामा करताना? गोणी घेऊन उतरताना कार्य ऋण येतं, मग बाबा म्हणतात की उतरतानाच मांड्या जास्त भरून येतात, ते कसं?”

बाबांचं म्हणणं खरं आहे. उतरताना मांडीचे स्नायू आखडत नाहीत, ओझं आवरत आवरत ताणले जातात. त्यात इंधन चढण्यापेक्षा कमी लागतं, पण ताणाने तंतूंना बारीक इजा होते, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवते. हे मी तिच्या वहीत लिहून दिलं, बाबांना वाचून दाखव म्हणून.