ओहोस देल सालादो : कोरड्या उंचीवरचा ज्वालामुखी

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे काळे स्तंभ लाव्हा थिजून तयार झाले आहेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला बहुतेक लाव्हा पातळ होता, तो दूरवर वाहत गेला, आणि म्हणूनच सह्याद्रीच्या कड्यांवर थरावर थर दिसतात. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील ओहोस देल सालादो, म्हणजे 6,893 मीटर उंचीचा जगातील सर्वांत उंच ज्वालामुखी, अगदी वेगळ्या रीतीने घडला.

तेथे महासागराच्या तळाचा नाझका भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. त्याच्यासोबत खोल गेलेले पाणी वरच्या खडकात शिरते, त्याचा द्रवणांक खाली आणते आणि शिलारस तयार होतो. अँडीजच्या जाड कवचातून वर येताना हा शिलारस रेंगाळतो, त्यातील सिलिकाचे, म्हणजे शिलारस दाट करणाऱ्या घटकाचे, प्रमाण वाढत जाते, आणि अखेर जो घट्ट, चिकट डेसाइट लाव्हा बाहेर पडतो तो मुखाजवळच साचत राहतो. शिखराजवळच्या भेगांतून आजही वायू बाहेर येतात.

मात्र या उंचीचे सारे श्रेय लाव्हाला देता येत नाही, कारण पर्वताचा पायथाच 4,000 मीटरहून उंच पठारावर आहे. कोपियापो शहरातून निघालेला गिर्यारोहक लागुना वेर्दे सरोवराकाठी पोहोचतो तेव्हाच विरळ हवेत असतो. समुद्रसपाटीवरच्या मुंबईतून गेलेल्या, 1,646 मीटरच्या कळसूबाईवर सराव केलेल्या माणसाने येथे मुक्काम वाढवण्यात मुळीच कंजूषी करू नये.

पुढे साधारण 5,200 आणि 5,800 मीटरवर निवारे आहेत. अटाकामा वाळवंटाच्या कोरडेपणामुळे इतक्या उंचीवरही बर्फ फारसा टिकत नाही. त्यामुळे वाट सोपी वाटते खरी. पण वितळवायला बर्फ मिळेल याची खात्री नसल्याने पाणी पाठीवर वाहावे लागते, आणि पायाखाली येतो तो घसारा, म्हणजे उतारावरचे सुटे दगडगोटे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना घसारा नवा नाही. येथे मात्र प्रत्येक पाऊल अर्धे मागे सरकते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

विवराच्या कडेपलीकडे शेवटचा कातळटप्पा लागतो, आणि तेथे दोराचा आधार घ्यावा लागतो. 26 फेब्रुवारी 1937 रोजी युस्टिन वोयश्निस आणि यान श्चेपान्स्की हे पोलिश गिर्यारोहक सर्वप्रथम शिखरावर पोहोचले. वरचे दोन माथे जवळपास सारख्याच उंचीचे आहेत. चिलीकडून येणारे सहसा एका माथ्यावर चढतात, अर्जेंटिनाकडून येणारे दुसऱ्या.